बाजाराच्या दिवशी न घेतलेली गोळी

तिच्या पिशवीत दोन दवाखान्यांचे आठ वर्षांचे कागद होते आणि त्यांत एकच वाक्य तीन ठिकाणी लिहिलेलं होतं: 'औषधे नियमित घेत नाही, समज दिली.' तिन्ही वेळा त्या वाक्याखाली गोळीची ताकद वाढवलेली. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी १ मिलिग्रॅमवरून २ वर, मग ३ वर, मग ४ वर. म्हणजे बाई गोळी घेत नाही म्हणून साखर खाली येत नाही, आणि साखर खाली येत नाही म्हणून न घेतलेली गोळीच आणखी जोरदार करून दिलेली. आपल्या ओपीडीत हा तर्क रोज चालतो आणि कुणाला खटकत नाही. ती गोळी का घेत नाही, हे मात्र एकाही कागदावर नव्हतं.

शिकवण्याच्या सोयीसाठी किनाऱ्यावरच्या सारख्याच अडचणी असलेल्या काही रुग्णांना एकत्र करून हे प्रकरण बांधलं आहे. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

रुग्ण मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातल्या एका बंदरावरची मासेविक्रेती, वय ५४. टाइप २ मधुमेह आठ वर्षांपासून. नवरा पूर्वी ट्रॉलरवर होता, आता कंबरदुखीने घरी. मुलगा मुंबईत, सून आणि दहा वर्षांची नात गावात. ती पहाटे चारला उठते, दोन चमचे साखरेची कोरी चाय पिते, उजाडायच्या आत लिलावाला पोचते आणि दुपारी एक-दीडपर्यंत बाजारात बसून मासे विकते, गिऱ्हाइकाला कापून देते. जेवण घरी परतल्यावर, दोनच्या सुमारास. आमच्याकडे आली ती ऑक्टोबरमध्ये, आणि तीसुद्धा मधुमेहासाठी नव्हे. टाचांच्या भेगांवर मलम हवं होतं.

तपासण्या अशा: एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ९.८ टक्के, उपाशीपोटी साखर १७८, जेवणानंतर दोन तासांनी २८६. रक्तदाब १५२/९०. एलडीएल कोलेस्टेरॉल १३८. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण १४० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम (३० च्या खाली असायला हवं). ईजीएफआर ७८, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता अजून बरी, पण गाळणीतून प्रथिन झिरपायला लागलेलं. हिमोग्लोबिन १०.४. कंबर ९२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. मागच्या आठ वर्षांत लघवीची ही तपासणी एकदाही झालेली नव्हती, डोळ्यांचा पडदा कुणी बघितला नव्हता, आणि पायातली चप्पल काढायलाही कुणी सांगितलं नव्हतं. साखर मात्र पुन्हापुन्हा मोजली होती.

हिमोग्लोबिनचा आकडा उगाच दिलेला नाही. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, म्हणून त्या एका आकड्यावर विसंबायचं नाही, बोटाच्या तपासणीशी ताडून बघायचं. कोकणातल्या पन्नाशीच्या बायकांमध्ये हे हमखास लक्षात ठेवावं लागतं.

'गोळी घेता का?' हा प्रश्न

या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात. ओरडा खायला कुणाला आवडतो? म्हणून तिला दुसरं विचारलं: काकी, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत ते सांगा, आणि मागच्या आठवड्यात गोळी कुठल्या कुठल्या दिवशी राहिली? उत्तर लगेच आलं.

"गोळी घेतंय मां. बाजार नसलो की घेतंय."

आणि बाजार असला की?

"बाजाराच्या दिवशी घेतलंय तर अकराच्या सुमाराक अंगाक घाम सुटता, हात कापतत. समोर आडाळो आसता, डॉक्टरानू."

ज्यांना आडाळा माहीत नसेल त्यांच्यासाठी, ही बैठी विळी. पाटावर बसून, दोन्ही हातांनी सुरमई पात्याला लावून तुकडे पाडायचे. हात थरथरत असताना हे काम करू नये हे कळायला वैद्यकीय पदवी लागत नाही. तिने दोन धोके तोलले. एक आजचा होता आणि समोर दिसत होता. दुसरा दहा वर्षांनी येणार असं लोक सांगत होते. तिने आजचा टाळला. मी तिच्या जागी असतो तर मीही टाळला असता.

तिच्या पिशवीतच पुरावा होता. बाजारात झालेल्या एका तपासणी शिबिराचं कार्ड: वेळ सकाळी १०.५०, साखर ६१, शेजारी 'नियंत्रणात' अशी खूण. मधुमेहाचं औषध घेणाऱ्या माणसाची साखर ७० च्या खाली गेली तर ती उतरलेली साखर असते, नियंत्रण नसतं. त्या दिवशी तिने गोळी घेतली होती, शिबिराला जायचं होतं म्हणूनच.

कारण सरळ आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आहे की नाही, हे ते बघत नाही. पहाटे साडेचारला चहाबरोबर गोळी, मग पाटी उचलणं, वाळूत चालणं, आणि दुपारी दोनपर्यंत अन्नाचा कण नाही. साखर अकराला पडणारच. पडली की ती समोरच्या टपरीवरून गोड चहा आणि दोन बटर मागवायची, कधी थंड पेयाची बाटली. मग दुपारी साखर तीनशेकडे. पुढच्या तपासणीत तोच वरचा आकडा दिसायचा आणि डोस वाढायचा.

जून-जुलैत मासेमारीबंदी असते. तेव्हा ती घरी, गोळी रोज वेळेवर. मागच्या जुलैत एका रात्री ती घामाने भिजून बडबडायला लागली. घरच्यांना वाटलं, पावसाळी ताप उतरतोय. सुनेने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. ४ मिलिग्रॅमचा खरा अर्थ त्या रात्री कळला होता, पण तो कुठल्याच कागदावर आला नाही.

काय ठरलं

पहिला निर्णय ग्लिमेपिराइड बंद करण्याचा. एचबीए१सी ९.८ असताना एक औषध काढून घेणं कागदावर विचित्र दिसतं. पण जे औषध आठवड्यातले पाच-सहा दिवस पोटातच जात नव्हतं, ते काढल्याने बिघडणार तरी काय?

त्याऐवजी सावकाश सुटणारं मेटफॉर्मिन, ५०० पासून सुरू करून हळूहळू दिवसाला २००० मिलिग्रॅमपर्यंत, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. जोडीला सिटाग्लिप्टिन १००. ही दोन्ही औषधं स्वतःहून साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेत नाहीत. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपल्यावर त्याच्या किमती बऱ्याच उतरल्या आणि ते जनऔषधी दुकानातही मिळतं. त्याआधी हा पर्याय तिच्यासमोर ठेवायला मी कचरलो असतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४०, जे मूत्रपिंडातून झिरपणारं प्रथिनही कमी करतं, आणि अटोर्व्हास्टॅटिन २०. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघितलं, ठीक होतं.

पहाटेची एकही गोळी ठेवली नाही. रात्रीच्या गोळ्या कुठे ठेवायच्या हे तिनेच सुचवलं: मशेरीच्या डब्याशेजारी. जेवण झालं की मशेरी लावायला हात तिकडे जातोच. तंबाखूच्या डब्याला औषधाची आठवण करून द्यायच्या कामावर लावणं मला रुचलं नाही, पण जागा अचूक होती. मशेरीबद्दल पुढे येईन.

लक्ष्य कुठलं ठेवायचं यावर आमच्या टीममध्ये मतभेद झाले. पुस्तकी लक्ष्य सातच्या खाली. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाने, ज्याचे निकाल १९९८ मध्ये आले, नव्याने निदान झालेल्या रुग्णांत साखर काटेकोर ठेवली तर डोळे-मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे २५ टक्क्यांनी घटतात हे दाखवलं. त्याच अभ्यासाच्या रक्तदाबाच्या भागात पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले, हे मात्र लोक विसरतात. दुसऱ्या बाजूला अमेरिका-कॅनडातला अ‍ॅकॉर्ड अभ्यास. तिथे आजार जुना आणि हृदयविकाराचा धोका मोठा असलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना सहाच्या खाली ढकलायचा प्रयत्न झाला आणि त्या गटात मृत्यू वाढल्याने २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. आम्ही तिच्यासाठी वर्षभरात साडेसात ठरवलं, आणि त्याच्या आधी एक अट: अकरा वाजताचा घाम एकदाही नाही. हे तिला सांगितल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसली.

मग तिने तिचा प्रश्न विचारला. "पाय कापूचो लागतलो काय?"

वाड्यातल्या एका बाईचा गुडघ्याखाली पाय कापला होता. सुरुवात चप्पल चावल्याच्या फोडाने झालेली. एचबीए१सी या शब्दाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला पाय वाचवायचा होता. म्हणून बाकीची सगळी योजना पायाभोवती बांधली.

पाय

तपासायला पाच मिनिटं लागतात. नायलॉनचा जाडसर धागा, १० ग्रॅम दाबाला वाकणारा, तळव्यावर टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला विचारायचं, कळलं का. तिला उजव्या पायाला तीनपैकी एकाच जागी कळलं, डाव्याला दोन. कंपनकाटा अंगठ्यावर ठेवला तर कंपन कळेना. नाडी दोन्ही पायांत चांगली लागत होती, म्हणजे रक्तपुरवठा शाबूत, संवेदना गेलेली. बोटं थोडी आत वळलेली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, आणि घट्ट्याच्या आत काळसर ठिपका. तो ठिपका म्हणजे आत साकळलेलं रक्त; आणखी काही आठवड्यांत तिथे व्रण पडला असता. बोटांच्या बेचक्या पाण्याने पांढऱ्या पडलेल्या. ज्या भेगांसाठी ती आली होती, त्या यात सगळ्यांत कमी काळजीच्या.

पायाचा धोका ठरवायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, शून्य ते तीन. संवेदना गेलेली आणि बोटांचा आकार बदललेला म्हणून ती दोनमध्ये बसते: दर तीन ते सहा महिन्यांनी पाय बघायलाच हवेत. घट्टा त्याच दिवशी तासून काढला. ब्लेडने घरी कापायचा नाही, हेही सांगितलं, कारण ती तेच करायची.

पायांची काळजी म्हणून जी छापील पत्रकं वाटतात ती शहरातल्या मोजे घालणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असतात. 'अनवाणी चालू नका' हे वाक्य हिच्यासाठी अपुरं आहे. होडी लागली की पाटी घ्यायला गुडघाभर पाण्यात जावं लागतं आणि ओली वाळू रबरी चप्पल ओढून घेते, म्हणून सगळ्याच बायका चपला किनाऱ्यावर काढून आत जातात. खाली शिंपले असतात, फुटलेल्या बाटल्या असतात, जाळ्यातून झटकलेला शिंगाळा असतो. त्याचा काटा विषारी आणि दातेरी. मग बाजारात सहा तास बर्फाचं पाणी पायाखाली. एप्रिल-मेमध्ये देवळाच्या जांभ्या दगडाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा, दुपारी बाराला. आणि थकून घरी आलं की पाय कढत पाण्यात.

हे शेवटचं ऐकून मी लिहायचं थांबलो. बधिर पायाला कढत पाणी किती कढत आहे हे कळत नाही. भाजतं, आणि भाजल्याचंही कळत नाही. पाय शेकणं बंद, निदान सुनेने कोपर बुडवून पाणी बघितल्याशिवाय नाही, असं ठरलं. सुनेला तिथेच बोलावून सांगितलं.

पादत्राणांवर बराच खल झाला. गमबूट सुचवून बघितले. आत पाणी शिरलं की पाय दिवसभर त्यातच भिजत राहतो, शिवाय तिला ते घालून पाटावर बसता येईना. शेवटी एमसीआर रबराच्या मऊ तळाचे, मागे पट्टा असलेले दोन सँडल: एक पाण्यात जायचा, एक बाजारात बसायचा. पट्टा असल्याने वाळू ओढत नाही. पाण्यातून आलं की पाय गोड्या पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने कोरड्या करायच्या, मग दुसरा जोड. रात्री टाचांना खोबरेल, बेचक्यांत नाही. देवळात भल्या सकाळी जायचं.

रोज तळवे बघायचे कुणी? आरशात बघा असं सांगायची पद्धत आहे, पण चाळिशीच्या चष्म्याशिवाय आणि कंदिलाएवढ्या बल्बच्या उजेडात तिला काय दिसणार? हे काम नातीने घेतलं. लाल, काळं, ओलं, फुगलेलं काहीही दिसलं तर आईला सांगायचं, एवढंच तिला शिकवलं. आशाताई घरी आली की तीही बघायची.

डिसेंबरमध्ये याचा उपयोग झाला. डाव्या पायात शिंगाळ्याचा काटा घुसला. शेजारणीला असा काटा लागला होता तेव्हा ती दोन तास विव्हळत होती; हिला 'कायतरी टोचला' इतकंच वाटलं. रात्री नातीला लालसर सूज दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार सोडून ती आली. जखम उघडून धुतली, आत काट्याचा तुकडा नाही हे एक्स-रेत बघितलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. समुद्राच्या पाण्यातल्या जखमेत व्हिब्रिओ जातीचे जंतू असू शकतात आणि मधुमेहात ते झपाट्याने पसरू शकतात, म्हणून प्रतिजैविक त्या हिशेबाने निवडलं आणि पहिले काही दिवस जखम रोज बघितली. महिनाभरात ती भरली. हेच तीन आठवड्यांनी वास यायला लागल्यावर आली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, आणि किनाऱ्यावर बहुतेक वेळा तशीच होते.

ताट

तिच्याकडे एक छापील आहारतक्ता होता. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी दोन फुलके, संध्याकाळी ग्रीन टी. भात, नारळ आणि आंबा यांवर फुली. फुलके त्या घरात सणालाही होत नाहीत. तक्ता मीठमसाल्याच्या डब्याखाली घातलेला होता, ठीकच केलं.

तिची खरी अडचण भाताची नव्हती, वेळेची होती. पहाटे चार ते दुपारी दोन उपाशी, आणि मग दहा तासांची भूक एका ताटात. म्हणून पहिला बदल डबा: नाचणीची भाकरी आणि कुळथाची किंवा चवळीची सुकी उसळ, बाजारात आठ-साडेआठला गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. कुळीथ घरात असतातच, पिठी होतेच. डब्यानंतर दुपारची भूक आपोआप निम्मी झाली. भात बंद केला नाही. उकड्या तांदळाचा, वाटीने मोजून. ताटात आधी मासे आणि भाजी, मग भात. आमटीतला नारळ राहू दिला, तळणाचं तेल कमी केलं. मासळी ही तिची सगळ्यांत चांगली बाजू आहे, बांगडा आणि तारली तर विशेष. त्या बाबतीत तिला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. चहातली साखर दोन चमच्यांवरून एकावर आली, त्याखाली उतरली नाही.

पावसाळ्यात वेगळा प्रश्न. ताजी मासळी नाही, मग सुकट, सुके बांगडे, खारं. मिठाने रक्तदाब चढतो. खारं रात्रभर पाण्यात घालून ते पाणी टाकायचं आणि आमटीत वरून मीठ घालायचं नाही, हे ठरलं. सोलकढीतही मीठ असतं हे तिने स्वतः ओळखलं.

आंब्याबद्दल लोक डॉक्टरांशी खोटं बोलतात, कारण डॉक्टर हापूसला बंदी घालतात. आम्ही सांगितलं: एका वेळी अर्धा, कापून, त्या जेवणात भात अर्धी वाटी कमी, रस नाही. एप्रिल-मेमध्ये तिची साखर किंचित वरच राहिली. चालेल.

मुलगा मुंबईहून डबीतून एक पावडर पाठवायचा, 'मुळापासून बरं करणारी'. डबीवर घटक लिहिलेले नव्हते. ती बंद करायला सांगितली, कारण अशा बिननावाच्या भुकट्यांत ग्लिमेपिराइडच्याच जातीची औषधं किंवा जड धातू मिसळलेले आढळले आहेत. परसातलं कडू किराईत ती आठवड्यातून एकदा घेते. त्यावर वाद घातला नाही, पण गोळीच्या बदल्यात नाही, हे पक्कं केलं.

सोमवार

डोळ्यांचा पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. पुढचे काही तास नजर अंधुक होते, म्हणजे त्या दिवशीचा बाजार गेला. याआधी दोनदा चिठ्ठी देऊन ती गेली नव्हती, आणि कारण हेच. सोमवारी इथे बरीच घरं मासे खात नाहीत, विक्री पडेलच असते. तपासणी सोमवारी लावली, ती गेली. दोन्ही पडद्यांवर मध्यम स्वरूपाचे बदल, मध्यबिंदूला सूज नाही. लेसरची गरज नाही, सहा महिन्यांनी परत. पुढच्या सगळ्या भेटी सोमवारी. उपकेंद्राची वेळही तिच्या बाजाराच्या वेळेवरच येत असल्याने गोळ्या आणायचं काम सुनेकडे दिलं.

पाणी

लघवीतल्या प्रथिनामुळे आणखी एक औषध द्यायला हवं होतं: डापाग्लिफ्लोझिन. ते लघवीवाटे साखर बाहेर काढतं आणि मूत्रपिंडांचं व हृदयाचं रक्षण करतं. जेनेरिक मिळतं, किंमतही आवाक्यातली. नियमाने पहिल्याच भेटीत लिहायला हवं. पण ते घेतल्यावर लघवी वाढते, पाणी जास्त प्यावं लागतं आणि जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. पाणी किती पिता, असं विचारल्यावर ती हसली.

"पाणी पिलंय तर जातलंय खंय?"

त्या बाजारात बायकांसाठी वापरण्याजोगं शौचालय नाही. सहा-सात तास तिथे बसणाऱ्या सगळ्या जणी पहाटेपासून पाणी टाळतात. वर ओलं लुगडं. अशा बाईला हे औषध ऑक्टोबरमध्ये देऊन चारच दिवसांत तिने ते सोडलं असतं, आणि कागदावर पुन्हा तेच वाक्य आलं असतं.

औषध आठ महिने लांबवलं. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना हे आवडणार नाही, पण तोवर टेल्मिसार्टन आणि रक्तदाब यांवर जोर दिला. जूनमध्ये मासेमारीबंदी लागली, ती घरी आली, तेव्हा सुरू केलं. दोन महिने सवय झाली, स्वच्छता जमली, त्रास झाला नाही. ईजीएफआर ७८ वरून ७३ झाला. सुरुवातीची ही घसरण अपेक्षित असते. ऑगस्टमध्ये बाजार सुरू झाल्यावर बंदराशेजारच्या एका ओळखीच्या घरी तिने सोय लावून घेतली. गोळी ती आता चालू ठेवू इच्छिते.

एका गोष्टीवर मात्र मी हट्ट धरला. हरितालिकेला ती निर्जळ उपास करते. या औषधावर असताना अन्नपाणी दोन्ही बंद केलं तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं, आणि हे ओळखायला कठीण असतं. म्हणून उपासाच्या तीन दिवस आधीपासून डापाग्लिफ्लोझिन बंद, आणि दुसऱ्या दिवशी पोटभर जेवल्यावर परत. उलट्या-जुलाब झाले तरी तेच, आणि मेटफॉर्मिनही थांबवायचं. निर्जळ ऐवजी फळं-पाणी घेऊन करा, हेही सुचवलं. ती म्हणाली, बघीन. तिने निर्जळच केला, पण गोळी तीन दिवस आधी थांबवली होती. मोदकांच्या दिवसांत चिडचिड करण्यात अर्थ नव्हता.

एक वर्षानंतर

एचबीए१सी ९.८ वरून जानेवारीत ८.६, एप्रिलमध्ये ७.९, जुलैत ७.४, ऑक्टोबरमध्ये ७.६. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झालं, तेव्हा उताराचा थोडा भाग त्याचाही धरायला हवा; बोटाच्या तपासण्यांतूनही साखर उतरलेलीच दिसते. रक्तदाब १३० च्या आसपास. लघवीतलं प्रथिन १४० वरून ६२. डोळ्यांचे बदल होते तिथेच. घट्टा दोनदा तासावा लागला, व्रण नाही. अकराचा घाम एकदाही आला नाही. वजन फक्त दीड किलो उतरलं. पायातली संवेदना परत आली नाही, आणि ती येईल असं तिला कधी सांगितलंही नव्हतं.

पहिल्या भेटीला पस्तीस मिनिटं लागली. आयसीएमआर-इंडिॲब अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह होता. इतक्यांना पस्तीस मिनिटं कुठला डॉक्टर देणार, हा आक्षेप बरोबर आहे. पण त्या पस्तीसपैकी वीस मिनिटं मी असे प्रश्न विचारत होतो जे आशाताई किंवा उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी माझ्यापेक्षा चांगले विचारू शकतात: दिवस कसा जातो, पहिला घास कधी, गोळी कुठल्या वाराला राहते, लघवीला कुठे जाता. आता त्या भागात हे चार प्रश्न घरभेटीतच विचारून कार्डाच्या मागे लिहिले जातात.

मशेरी सुटलेली नाही. पायांच्या रक्तवाहिन्या आज चांगल्या आहेत, त्या तशा राहायच्या तर तंबाखू जायला हवा, हे तिला प्रत्येक भेटीत सांगतो. ती ऐकून घेते आणि म्हणते, "ह्या एक सोडून काय ता सांगा." दिवसातून चार वेळा लावायची, आता दोन वेळा, असं सून सांगते. तिच्या म्हणण्यावर माझा विश्वास आहे, कारण डबा तिच्या ताब्यात आहे.

बाजारातल्या शौचालयासाठी तिथल्या विक्रेत्या बायकांनी सह्यांचा अर्ज दिला आहे आणि त्याला आम्ही वैद्यकीय कारणांचं एक पान जोडलं. अर्जाची पोच मिळाली आहे. पुढची भेट जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी: पाय, क्रिएटिनिन, लघवी, आणि डोळ्यांची चिठ्ठी.